सहाव्या ओळीतलं नववं दार

शिवप्रियानं दार वाजवलं आणि आतून कडी निघायच्या आतच तिच्या ध्यानात आलं, की हे दार आपण मघाशीच वाजवून गेलो. निळं दार, मधोमध पितळी रंगाची पाटी, पाटीवर ठळक आकडे. डाव्या हाताला तसंच दार, उजव्या हाताला तसंच. जन्मापासून ज्या गावात राहिली त्या गावात, स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, ती अर्धा मिनिट हरवून उभी राहिली.

"परत तूच व्हय?" मल्लेशची बायको दारातून म्हणाली. "अजून सापडलं न्हाईत आज्जा?"

"नाही."

"जुन्या गावाकडं बघितलंस का?"

जुनं गाव म्हणजे ओढ्यापलीकडं बाभळीत बुडालेले दगडांचे ढीग आणि कठडा नसलेल्या तीन विहिरी. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला होता. ती वळली आणि पळत सुटली, पण ओढ्याकडं जाण्याआधी उरलेल्या ओळी तरी बघू म्हणून सहाव्या ओळीत शिरली. तिथलं नववं दार अर्धवट उघडं होतं, आणि उंबऱ्याशी टाचा झिजलेल्या आज्जांच्या चपला होत्या.

शरणबसप्पा पाटावर बसून जेवत होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. समोर शांताक्का भिंतीला टेकून बसली होती.

"ये, ये," शरणबसप्पा म्हणाले. "घास खा. तुझ्या आईनं आज आमटी लई झकास केलीय."

"आज्जा, हे आपलं घर नाही."

त्यांनी मान वर केली. भिंतीकडं बघितलं, दिनदर्शिकेकडं बघितलं, मग शांताक्काकडं नीट निरखून बघितलं.

"आगं बया. व्हय की. तरीच म्हनलं, महादेवीनं केस कवा पांढरं केलं."

शांताक्कानं पदर तोंडाला लावला. "चुकून आले. म्हनलं, जेवत्या माणसाला कशाला उठवा. दोन घास ऱ्हायलेत, खाऊ दे त्यास्नी."

शिवप्रियानं ताटाकडं बघितलं. भाकरी आमटीत कुस्करून, चांगली भिजून मऊ झालेली होती. पण छाती अजून धडधडत होती, आणि धडधडत्या छातीच्या माणसाला ताटातलं दिसत असलं तरी कळत नाही.

परतताना आज्जांनी तिचा कोपर धरला. वाटेत ते म्हशीची गोष्ट सांगू लागले. शिवप्रियानं ती शंभरदा ऐकली होती, आणि आज पहिल्यांदाच तिला ती ऐकवेना.

घरापाशी तिचे वडील, राजशेखर, उंबऱ्याशी उकिडवे बसून चपला मोजत होते. ही त्यांची रीत. भूकंपाच्या सालापासून रोज दिवेलागणीला ते चपलांचे जोड मोजत. पाहुणा आला तर एक वाढवत, कुणी गावाला गेलं तर एक कमी करत, आणि आकडा जुळल्याशिवाय त्यांना घास जात नसे. लोहाऱ्यात खताचं दुकान चालवणारा, तालुक्यात शंभर माणसं ओळखणारा माणूस, पण संध्याकाळी त्याचं सगळं ध्यान उंबऱ्याशी.

आज्जांनी चपला काढल्या. राजशेखरनं त्या सरळ करून ओळीत लावल्या.

"चार," ते म्हणाले. मग वर न बघता, "कुठं सापडले?"

"शांताक्कांकडे. जेवत होते."

"दसऱ्यापास्नं ही सहावी खेप. पयल्या पाच खेपांला तर कुणाच्या घरी होतो तेबी सांगता येईना. कुणाचं घर व्हतं म्हनलं की म्हनायचं, निळं व्हतं." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "सोमवारी अमरनाथकडं नेतो. सोलापूरला डॉक्टरबी हायत आणि तुझ्या भावाचा फ्लॅटबी."

"तिसऱ्या मजल्यावर काय करतील ते?" महादेवी आतून म्हणाली.

"बसतील. दार एक, कडी एक. चुकायचं म्हनलं तरी चुकता यायचं न्हाय."

शरणबसप्पा रांजणाशी पाय धूत होते. ते एकच पाय पुन्हा पुन्हा धूत राहिले.

त्या रात्री शिवप्रिया जेवली नाही. कारण राजशेखरनं जे बोलून दाखवलं नव्हतं, ते तिला पाठ होतं. दारं निळी तिनं केली होती.

त्याचं असं झालं. भूकंपानं जुनं गाव पडलं, आणि सरकारनं नवं गाव बांधून दिलं. अकरा ओळी, एका ओळीत चोवीस घरं, सगळी एकाच साच्यातून काढलेली. घरासारखं घर, दारासारखं दार, सगळ्या दारांना तोच राखाडी रंग. पहिलं वर्ष गावानं कसं काढलं ते शरणबसप्पांकडून ऐकावं. उत्तरेश्वर पाटलाची म्हैस आठ दिवस दुसऱ्याच्याच गोठ्यात जाऊन दूध देत होती, आणि नवव्या दिवशी पाटील न्यायला गेला तर तिनं त्याला ओळख दाखवली नाही. एका गड्यानं मीठ कमी पडलं म्हणून बायकोला तासभर झापलं, तिनंही त्याला तेवढंच झापलं, आणि दोघांचं लग्नच झालेलं नाही हे हात धुताना कळलं. एक वरात चुकीच्या मांडवात गेली, तिथं तिचं चांगलं स्वागत झालं, म्हणून ती तिथंच राहिली. शरणबसप्पांचं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं निम्मं गावाला पुरून उरत असे.

मग लोकांनी दारांवर खुणा केल्या. कुणी ठरवून नव्हे, एकाचं बघून दुसऱ्यानं. उत्तरेश्वर पाटलानं मेलेल्या बैलाच्या शिंगांच्या पितळी शेंब्या दारावर ठोकल्या. मल्लेशच्या बापानं जुन्या घराचं दार ढिगाऱ्यातून उकरून आणलं. ते नव्या चौकटीला चार बोटं तोकडं पडलं, म्हणून वर शाळेच्या बाकाची फळी मारली, तिच्यावर कोरलेल्या नावांसकट. एका घरानं दारावर आरसा बसवला. एकानं घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराचा हात गेरूत बुडवून उमटवला. आत्ताचा सरपंच रणधीर, त्याच्या बापानं दारावर ट्रॅक्टर काढला. ड्रायव्हरच्या मिशा इतक्या मोठ्या झाल्या, की चौथ्या चाकाला जागाच उरली नाही. आणि शरणबसप्पांच्या दारावर चौदा वर्षांच्या राजशेखरनं घंटी ठोकली. आईच्या देव्हाऱ्यातली. देव्हारा आणि आई दोन्ही मातीखाली गेले होते. घंटी तेवढी वर आली होती.

शिवप्रिया ह्या दारांमध्ये वाढली. उमरग्याला शिकली, वेबसाईट बनवायला लागली, आणि घरच्या ओट्यावर लॅपटॉप मांडून त्यावर चार पैसे मिळवू लागली. तिच्याकडं एक वही होती. जगातल्या कुठल्या कुठल्या वेबसाईटवर ती भटकायची आणि मनात भरेल ती पेन्सिलीनं वहीत उतरवून घ्यायची. जपानातला एक घड्याळजी होता, त्याच्या पानावरचं घड्याळ कायम पाच मिनिटं मागं, कारण मालक स्वतः कुठंच वेळेवर जात नसे आणि तसं त्यानं खाली लिहूनच ठेवलं होतं. बटणं विकणारी एक म्हातारी होती, तिचं अख्खं पान म्हणजे एक सदरा. एक एक बटण काढलं की आत दुकान. एक पाववाला होता, त्याच्या पानावर बोट फिरवलं की बोटामागं पिठाचा माग उमटे. ह्या वेबसाईटी बघताना तिला वाटायचं, आत कुणीतरी राहतंय. आपण कुणाच्या तरी दारात उभं आहोत.

पण स्वतः बनवायची वेळ आली, की ती वही मांडीखाली सरकवायची. लोहाऱ्याच्या शिकवणीची वेबसाईट तिनं केली, उमरग्याच्या दातांच्या डॉक्टरची केली. वर निळी पट्टी, मधे हसणारी माणसं, खाली पत्ता. शिकवणीच्या पानावर हसणारी पोरं गोरीपान परदेशी होती. त्यांनी लोहाऱ्याचं तोंडही बघितलं नसेल, पण गिऱ्हाईक खूश होतं. वहीतलं दाखवलं तर माणसं हसतील, ही तिची भीती. हसतील, आणि मग म्हणतील, ही शरणबसप्पाचीच नात.

दसऱ्याआधी रणधीर तिच्याकडं आला होता. सुंदर गावाची स्पर्धा होती. गावाला रूप द्यायचं होतं, गावाची वेबसाईट करायची होती.

"तू शिकलेली हायस," तो म्हणाला होता. "सांग, कसं करायचं?"

वही तिच्या मांडीवरच होती. तिनं तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सगळं एकसारखं करू."

गावाला ते पटलं. शहरासारखं दिसेल म्हणाले. दोनशे चौसष्ट दारं घासली, खुणा उतरवल्या, निळा रंग दिला, पाट्या मारल्या. मल्लेशच्या घरची फळी माळ्यावर गेली, आरसा न्हाणीत गेला, शेंब्या पोत्यात गेल्या. वरून ड्रोननं फोटो घेतला. फार देखणा आला. सगळ्यांनी तो मोबाईलवर लावला, आणि चौथ्या दिवशी आज्जा पहिल्यांदा चुकले.

सोमवारला पाच दिवस होते.

शिवप्रियानं सकाळी लॅपटॉप उघडला. गावाच्या वेबसाईटचं पहिलं पान तयार होतं. वर निळी पट्टी, मधे ड्रोनचा फोटो. त्याकडं ती बराच वेळ बघत बसली. मग रंग देण्याआधी काढलेले दारांचे फोटो तिनं शोधून काढले. आधी असं होतं, नंतर असं झालं, हे दाखवायला तिनं ते काढले होते. दोनशे चौसष्ट फोटो. आज्जांना ही दारं दाखवली तर? त्यांना ती ओळखता आली तर पप्पांना कळेल, की डोकं शाबूत आहे, फसवलं ते रंगानं. आणि ओळखता आली नाहीत तर? तो विचार तिनं पुरा केला नाही.

तिनं वही मांडीखालून काढली आणि समोर उघडी ठेवली.

चार दिवस ती ओट्यावरून हलली नाही. हलली ती दारांचे आवाज घ्यायला. मोबाईल धरून ती बिजागरीशी कान लावायची, आणि बायका विचारायच्या, पोरीला काय झालं. तिनं नकाशा काढला, अकरा ओळी, आणि प्रत्येक जागी ते ते दार लावलं, जसं होतं तसं. पाटलाच्या दाराला बोट लावलं की शेंब्या किणकिणत. मल्लेशचं दार एका धक्क्यात उघडायचं नाही, दोनदा ढकलावं लागायचं, कारण ते खरंही तसंच होतं. आरशाच्या दारात बघणाऱ्याला त्याचंच तोंड दिसे. रणधीरच्या ट्रॅक्टरला हात लावला की तो फुटफुटायचा आणि तीन चाकांवर एका अंगाला कलायचा. काम करताना तिच्या लक्षात आलं, की आपण वहीत फारसं बघतच नाही आहोत. पाववाल्याचं पीठ, बटणवालीचा सदरा हे सगळं वहीत होतं, पण लागेल ते सगळं फोटोंतच होतं.

ते बघायला रणधीर आला. आधी उभ्यानं बघत होता, मग बसला. ट्रॅक्टरपाशी त्याचं बोट थांबलं. त्यानं ते दार तीनदा उघडलं.

"हा म्या पुसला," तो म्हणाला. "सोताच्या हातानं घासला. बापानं काढलेला." थोड्या वेळानं म्हणाला, "शिवे, तू त्या दिवशी हे का न्हाय दाखवलंस?"

शिवप्रियानं समोरची वही मिटली.

"ज्याला ज्याला खूण परत करायची त्यानं करावी," रणधीर उठत म्हणाला. "उद्या सांगतो गावाला. तू यादी कर."

यादी करताना एका फोटोपाशी ती अडली. सहावी ओळ, नववं घर. सगळ्या गावात तेवढ्याच दारावर काही नव्हतं. सरकारनं दिला तो राखाडी रंग, तोही विटलेला. खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. दोनशे चौसष्टपैकी दोनशे त्रेसष्ट दारांवर काहीतरी होतं.

ती विचारायला गेली. शांताक्का सुपात तूर निवडत होती. तिचा मुलगा हैदराबादला, नवरा भूकंपाच्याच रात्री गेलेला.

"अक्का, तुमच्या दारावर काय होतं? फोटोत काही दिसत नाही."

"काय नव्हतं."

"तीस वर्षांत एकदाही काही लावलं नाही?"

"ऱ्हाऊन गेलं," शांताक्का म्हणाली, आणि एक खडा लांब भिरकावला. "आज्जा बरे हायत का तुझे?"

"बरे आहेत. सोमवारी सोलापूरला नेणार आहेत त्यांना. तिकडंच ठेवतील."

शांताक्काचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू झाला, पण ती आता खडे सोडून चांगली तूरच टाकत होती.

रविवारी सकाळी शिवप्रियानं लॅपटॉप आज्जांसमोर मांडला. राजशेखर जवळच खुर्चीवर पेपर उघडून बसले होते. पान एकही उलटत नव्हतं.

"आज्जा, ही दारं कुणाची ते सांगा बघू."

शरणबसप्पांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि पडद्याशी नाक नेलं. पहिलं दार आलं.

"हे बसवराज तेल्याचं," ते म्हणाले. "ह्या कडीला तेल कवाच मिळालं न्हाय, तेल्याची असून. लाव बोट, कुरकुर ऐकू दे."

आणि मग ते थांबेनात. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. हाताचे ठसे आले तेव्हा त्यांनी कुठला ठसा कुठल्या लेकराचा ते सांगितलं, आणि एक ठसा शेजारच्या पोराचा आहे, तो फुकट उमटवून गेला, हेही सांगितलं. मल्लेशचं दार त्यांनी, कुणी सांगायच्या आत, दोनदा ढकललं. ट्रॅक्टर बघून म्हणाले, "ह्या ट्रॅक्टरनं एकदा रातीतनं दोन एकर नांगरलं व्हतं. सकाळी दारावर चिखल व्हता. म्या पाहिलाय." आरशाच्या दारात स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा त्यांनी रामराम घातला.

राजशेखरचा पेपर मांडीवर आला होता. ते पुढं सरकून बसले होते. चौथ्या ओळीत घंटीचं दार आलं. शरणबसप्पांनी त्याला बोट लावलं. घंटी वाजली.

"हे आपलं," ते म्हणाले, आणि पुढचं दार मागितलं.

सहावी ओळ आली. पाचवं, सहावं, सातवं, आठवं. मग ते कोरं राखाडी दार.

शरणबसप्पांनी चष्मा काढला.

"हे काय ध्यानात येईना," ते म्हणाले.

"नीट बघा, आज्जा."

"काय बघू? त्याच्यावर खूण कुठाय?" ते चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. आत्ताच पुसला होता. "पुढं चल. पुढलं दार पिंजाऱ्याचं, मला ठावं हाय."

शिवप्रिया त्यांच्याकडं बघत राहिली. सगळ्या गावात कोरं असलेलं एकच दार, आणि दोनशे दारांच्या कुरकुरी पाठ असलेल्या माणसाला नेमकं तेच ओळखू येऊ नये. मग तिला ताट दिसलं. पाच दिवसांपूर्वी डोळ्यांनी बघितलेलं, आत्ता कळलं. भाकरी आमटीत कुस्करून मऊ झालेली होती. अशी भाकरी भिजायला घटका-दोन घटका लागतात. चुकून आलेल्या माणसासाठी ती आधीपासून कुणी भिजत घालत नाही.

"कुणाचंय ते दार?" राजशेखरनं विचारलं.

"नेट गेलं वाटतं," शिवप्रिया म्हणाली आणि पुढचं दार आणलं.

शरणबसप्पांनी पिंजाऱ्याचं दार ओळखलं, आणि मग अकराव्या ओळीच्या शेवटच्या दारापर्यंत एकही चुकले नाहीत.

राजशेखर उठले. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले होते. "डोकं जागेवर हाय," ते म्हणाले. "रंगानंच घोटाळा केला. सोलापूरचं ऱ्हाऊ दे. आज संध्याकाळी घंटी परत ठोकतो. पण एक सांगतो, दादा. घंटी लावल्यावर परत चुकलात, तर मग माझा नाइलाज हाय. मग रंगावर ढकलता यायचं न्हाय."

"बराबर हाय," शरणबसप्पा म्हणाले. मग नातीकडं वळून, सहज विचारावं तसं, "समदीच दारं पयल्यासारखी व्हनार का गं?"

"हो."

"समदी?"

"सगळी, आज्जा."

"निळाबी वाईट दिसत न्हाय तसा," ते म्हणाले आणि उठून बाहेर जाऊन बसले.

दुपारपासून गाव दारांना लागलं. पोत्यातल्या शेंब्या बाहेर आल्या, न्हाणीतला आरसा निघाला. रणधीर स्टुलावर चढून ट्रॅक्टर काढत होता, आणि ह्या खेपेला मिशा आवरून चौथं चाक बसवायचंच असा त्याचा हट्ट होता. शिवप्रिया यादी घेऊन ओळीओळीनं फिरत होती. एक एक दार ओळखीचं होत होतं, आणि दर दाराला तिचा जीव आणखी खाली जात होता. बटणवालीचं, पाववाल्याचं, घड्याळजीचं, सगळ्यांचं काम असं असावं असं तिला वाटत आलं होतं, की बघणाऱ्यानं चुकूच नये. न चुकण्यानं कुणाचं काय जातं, हे तिच्या वहीत कुठंच नव्हतं.

सूर्य कलला तशी ती घरी आली. राजशेखर दारात घंटी, हातोडी आणि खिळे घेऊन बसले होते. घंटी त्यांनी चिंचेनं घासून लखलखीत केली होती. ओट्याच्या टोकाला शरणबसप्पा टोपी घालून बसले होते.

"त्या साली असंच व्हतं," राजशेखर कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले. "आई गेली, आणि रोज रातीला हे चुकायचे. म्या ताट वाढून बसायचो. वाटायचं, आता हेबी येत न्हाईत. म्हनून घंटी ठोकली." त्यांनी खिळा चौकटीवर धरून बघितला. "घंटी लागली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं तुमी चुकला न्हाईत, दादा. आठवतंय?"

"आठवतंय."

"एकदाबी न्हाय."

"घंटी वाजायची ना," शरणबसप्पा म्हणाले. "पोरगं ऐकत बसलंय हे ठावं व्हतं. मग कसा चुकनार?"

ते ज्या आवाजात म्हशीच्या गोष्टी सांगत त्या आवाजात हे बोलले नव्हते. राजशेखरनं हातोडी उचलली होती. ती तशीच हातात राहिली.

शरणबसप्पा उठले, पायात चपला सरकवल्या. "जरा पाय मोकळं करून येतो," म्हणाले आणि ओळीच्या टोकाकडं निघाले. सावकाश, पण कुठंही न थांबता. टोकाला ते वळले. ओढ्याकडं नाही, दुसऱ्या बाजूला.

शिवप्रिया यादी घेऊन वडिलांजवळ बसली.

"पप्पा, दोन दारं निळी ठेवावी म्हणते. शांताक्कांचं आधी कोरंच होतं, त्यावर काय काढायचं? आणि आपलं."

"आपलं कशाला?"

"वेबसाईटला नमुना लागतो. मधे गाव कसं दिसत होतं, त्याचा."

राजशेखरनं तिच्याकडं बघितलं. मग यादीकडं. यादीत दोनशे बासष्ट खुणा होत्या आणि दोन चौकोन मोकळे. चौथी ओळ, नववं घर. सहावी ओळ, नववं घर. ते आकडे त्यांनी बोटानं दोनदा वाचले, रोज चपला मोजत तसे. मग ते ओळीच्या टोकाकडं बघत राहिले. तिथं आता कुणी नव्हतं.

शेवटी त्यांनी फडकं घेतलं, घंटी त्यात गुंडाळली, आणि हळू ओट्यावर ठेवली. हळू ठेवली तरी ती आतल्या आत एकदा वाजली.

आतून पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

"आवं, भाकरी किती टाकू?" महादेवीनं विचारलं.

राजशेखर उंबऱ्याशी उकिडवे बसले. चपला सरळ करून ओळीत लावल्या. मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या.

"तिघांच्याच टाक," ते म्हणाले, आणि खिळे खिशात टाकले.